‘खोड’ शब्दाचे दोन अर्थ : शालिहोत्राच्या पोथ्या कशा वाचाव्या

कृष्णा व वारणा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांत, वाळवें तालुक्याचें ठाणें ईश्वरपूर (पूर्वीचें इस्लामपूर) हें आहे. इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहानें वारणेच्या उत्तरेचा हा प्रदेश शाहू महाराजांकडे राहिला, आणि सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांची सीमा त्याच्या जवळून गेली. अशा सरहद्दीच्या मुलखांत घोडें हें चैनीचें नव्हे, चाकरीचें साधन असतें. म्हणून या बाजूस, किंबहुना घाटावर कोठेंही, जुन्या शिलेदारी घराण्याचें दप्तर उघडतांना संग्राहकानें पागेच्या हिशेबांबरोबर शालिहोत्राच्या पानांकडेही लक्ष ठेवावें. तीं पानें वाचतांना एका शब्दावर फसगत होण्याचा संभव असतो. त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. तो शब्द ‘खोड’.

खोड म्हणजे घोड्याच्या अंगावरील अशुभ चिन्ह, आणि खोड म्हणजे त्याची वाईट संवय. पहिली केंसांच्या भोवऱ्यांवरून व रंगावरून ठरवीत. गळ्यावरचा भोवरा तो देवमण. चारी पाय व तोंड पांढरें तो पंचकल्याणी. हीं चिन्हें शुभ. उलट, कांहीं ठिकाणचे भोवरे धन्यास घातक मानीत. ही खोड जन्माबरोबर आलेली. तीवर शिक्षणाचा उपाय नाहीं, असलें घोडें घेऊं नये एवढाच उपदेश. दुसरी खोड म्हणजे चावणें, लाथ मारणें, बुजणें, अडणें, लगाम न मानतां उधळणें. हिला कारण असतें, आणि कारण आहे म्हणूनच उपायही आहे. पहिलीचा हताशपणा दुसरीस लावला म्हणजे पोथीचा अर्थ उलटा होतो.

शुक्रनीतीच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु तिच्या अश्वप्रकरणांत एक मार्मिक विधान आढळतें. भलत्या ठिकाणीं ताडन केल्यानें घोड्यांत दोष उत्पन्न होतात व ते तें जिवंत असेपर्यंत टिकतात, असा त्याचा आशय. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं’ ही आपली म्हण त्याशेजारीं ठेवून पाहावी. खोड आमरण टिकते हें दोहोंसही मान्य. पण ती लागते कोणाच्या हातून, हें शुक्रनीति सांगते, म्हण सांगत नाहीं. ग्रीक सेनानी झेनोफन यानेंही इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत, रागाच्या भरांत घोड्याशीं व्यवहार करूं नये असें बजावलें आहे.

आतां शिक्षणाचा क्रम पाहूं. शिंगरास प्रथम मोहरकीची व माणसाच्या हाताची ओळख, मग खरारा, पाय उचलून देणें, मग कावा. लांब दोरीवर वर्तुळांत फिरविणें यास कावा देणें म्हणत. येथेंही अर्थाचा घोटाळा संभवतो : पागेच्या कागदांतील कावा सदैव कपटाचा नसतो. तो दोन्ही अंगांनीं सारखा द्यावा लागतो, नाहीं तर घोडें एका बाजूस ताठ राहतें. त्यानंतर सैल तंगाचें रिकामें खोगीर, आणि शेवटीं हलका स्वार. चालही आधीं कदम, मग दुडकी, मग चौखूर. सर्वांचें मर्म एकच : लगामाची ओढ सुटते त्या क्षणीं घोडें शिकतें. हवें तसें पाऊल पडतांच हात सैल व्हावा. मागाहून केलेली शिक्षा वा शाबासकी त्यास उमगत नाहीं. सर्व घोडीं एका स्वभावाचींही नसतात. कौटिल्यानें तीक्ष्ण, भद्र व मंद असे भेद करून त्यांप्रमाणें कामें नेमावयास सांगितलें आहे.

खोडींचीं कारणें बहुधा साधीं असतात. घोड्यास अगदीं पाठीमागचें व कपाळासमोरचें लगतचें दिसत नाहीं. म्हणून न बोलतां मागून जाणारास लाथ बसते. खांद्याच्या बाजूनें, आवाज देत जावें. बुजणाऱ्या घोड्यास त्या वस्तूपुढें दुरून उभें करून पाहूं द्यावें. चाबूक मारल्यास वस्तूबरोबर मारही ध्यानांत राहतो व भय दुणावतें. तोंड झटकणाऱ्या घोड्याच्या दाढांना धार आली आहे काय, तें आधीं पाहावें. तिखट कडियाळीनें तोंड अधिकच बधिर होतें. अडणाऱ्याच्या पाठीवर खोगिराची जखम किंवा खुरांत नालाचा खिळा सलत असण्याचा संभव. हातून सारखें खाऊ मिळणारें घोडें खाऊ नसतां हातच धरतें. अगाडी-पिछाडीनें दिवसभर जखडलेलें, चंदी पुष्कळ पण वैरण थोडी मिळणारें घोडें लाकूड चावतें, वारा गिळतें, डुलत राहतें. त्यास कडबा अधिक व रोजची फेरी हवी. ही खोड एकदां मुरली म्हणजे मात्र क्वचितच सुटते.

सभासदानें शिवकालीन पागेंत पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. पाणी व खूर यांची तरतूद ही शिक्षणाची पहिली पायरी होय. चिपळूणजवळच्या छावणीस लिहिलेल्या महाराजांच्या प्रसिद्ध पत्रांत दाणा-वैरण आधींच उधळल्यास पावसाळ्यांत घोडीं मरतील, हीच चिंता आहे. बारगिराचें घोडें सरकारचें. शिलेदाराचें मेलें किंवा बिघडलें तर त्याची भाकरीच गेली.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. भोवऱ्यांचीं रंगीत चित्रें असलेलीं पानें बाजारांत मोल पावतात; तेवढींच सुटीं काढलीं म्हणजे चित्रहीन पानें रद्दींत जातात. तंजावरच्या सरस्वतीमहालानें नकुलाचें अश्वशास्त्र इ. स. १९५२ सालीं चित्रांसह छापलें, त्यामुळें शुभाशुभ लक्षणांचा भाग अभ्यासकांस सुलभ झाला आहे. परंतु आपल्याकडील चाबुकस्वारानें समासांत लिहिलेला एखादा उपाय, मोतद्दाराच्या तोंडचा एखादा शब्द, चंदीचें एखादें प्रमाण हें त्या त्या पोथीबरोबरच नष्ट होणार. पोथी अखंड ठेवावी, पानांचा क्रम मोडूं नये, समासांतील अक्षर निराळें असल्यास तें नोंदवावें. घोड्याची खोड काढण्याची विद्या त्या साध्या पानांतच आहे.