पावसाळ्यानंतरची सायकल आणि गुडघे

पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकाला चिकटते, मडगार्डात भरते आणि सायकल भिंतीला टेकून राहते. सोयाबीन निघाले, की स्नेहलतागंजाहून शेताकडे जाणारे बांधव पहिल्याच दिवशी जुनी मजल मारू पाहतात आणि आठवड्यात गुडघा धरून बसतात. ‘आता वय झाले’ म्हणून सायकल विकण्याची घाई करू नये, असे आम्ही सांगू. दम लवकर परत येतो. मांडीचे स्नायू व गुडघ्याचे बंध मात्र सावकाश तयार होतात.

प्रथम सीट पाहावी. टाच पेडलवर ठेवून ते अगदी खाली नेले, की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली असल्यास बहुधा वाटीपाशी दुखते, फार उंच असल्यास गुडघ्यामागे. पान्ह्याने थोडी थोडीच हलवावी.

पहिले दोन आठवडे निम्मेच अंतर जावे, दुधाच्या किटल्या लादू नयेत, चढावर खुशाल उतरावे. दुखल्यास अंतर कमी करावे. अगदी पडून राहू नये.

गुडघा सुजला, अडकू लागला, लाल व गरम झाला किंवा पाय टेकवेना, तर तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.