पेटीतला वेताळ

जुनी कॉमिक्स, भयकथांचे अंक, पिवळी पडलेली पॉकेट बुक्स... कुणी रद्दी म्हणतं, कुणी खजिना! यंदा दिवाळीला गावी जाणार असाल तर मागच्या खोलीतली ती लोखंडी पेटी उघडाच. पुढच्या वर्षी ती तिथे असेलच असं नाही.

शनिवारी मॉल, रविवारी मल्टिप्लेक्स, सोमवारी पुन्हा तोच मॉनिटर. या चक्राचा कंटाळा आला असेल तर एक हटके छंद आहे. खर्च बेताचा, थ्रिल भरपूर! जुनी कॉमिक्स, गूढकथांचे अंक आणि स्वस्तातल्या रहस्यकथा जमवायच्या.

तुमच्या ऑफिसमध्येही असा एखादा असणारच. लंच टाइममध्ये सगळे शेअर्सवर बोलत असतात आणि हा पठ्ठ्या सांगतो, 'काल फाउंटनच्या फुटपाथवर एक इंद्रजाल मिळालं, कव्हरसकट!' त्याच्या डोळ्यांतली चमक बोनस मिळाल्यावरही दिसत नाही.

वेताळ, काळा पहाड आणि कंपनी

या छंदाचे हीरो कोण? पहिला मान अर्थात इंद्रजाल कॉमिक्सचा. टाइम्स ऑफ इंडिया ग्रुपने मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली आणि ली फॉकचा फँटम मराठी घराघरांत 'वेताळ' म्हणून शिरला. सोबत जादूगार मँड्रेक होताच. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. अंगात कुर्ता, खाली जीन्स आणि समोर चंबळचे डाकू. एकदम देशी हीरो! १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. कलेक्टर मंडळी त्यातल्या बारीकसारीक गोष्टींवर तासन् तास बोलू शकतात. मूळ कॉमिकमधल्या वेताळाच्या देशाचं नाव बंगालशी फारच मिळतंजुळतं होतं, म्हणून इंद्रजालने त्याचं 'डेंकाली' करून टाकलं. 'सिंग' नावाच्या चाच्यांचे झाले 'सिंगा'!

दुसरा मान बाबूराव अर्नाळकरांचा (१९०६-१९९६). हजाराहून जास्त रहस्यकथा एका माणसाने लिहिल्या, यावर आज विश्वास बसत नाही. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रं तुमच्या आजोबांना आजही आठवत असतील, विचारून बघा. मग गुरुनाथ नाईक. मग सुहास शिरवळकर. 'दुनियादारी'चा सिनेमा २०१३ मध्ये आला आणि नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं, पण त्यांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी वाचून रात्री जागवणारी पिढी त्याआधीच होऊन गेली होती.

आणि भीती? ती नारायण धारपांची (१९२५-२००८). त्यांचा 'समर्थ' दुष्ट शक्तींशी लढायचा आणि वाचणारा पांघरुणात शिरायचा. २०१८ च्या 'तुंबाड'मागे धारपांची एक कथा होती, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलंय. तेव्हापासून 'धारप आहेत का?' असं विचारणारी तरुण मंडळीही दिसू लागली.

मग एवढी पुस्तकं गेली कुठे?

हजारो प्रती छापल्या गेल्या, मग आज मिळत का नाहीत? कारण साधं आहे. ही पुस्तकं ठेवण्यासाठी छापलीच नव्हती. कागद हलका, बांधणी जेमतेम. लोक ती विकत घेण्यापेक्षा लायब्ररीतून भाड्याने आणायचे. एकच प्रत शंभर हातांतून फिरायची, शेवटचं पान आधी सुटायचं आणि खुनी कोण हे कायमचं रहस्य राहायचं! समीक्षकांनी नाकं मुरडली, त्यामुळे 'हे जपून ठेवा' असं सांगणारंही कुणी नव्हतं.

काहींच्या नशिबी तर त्याहून वाईट आलं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड तर केलाच, शिवाय आरोपींकडचे अंक नष्ट करायला सांगितले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली आणि काकोडकर सुटले. म्हणजे तो अंक आज कुणाच्या घरी सापडला तर ती नुसती जुनी दिवाळी नाही, कायद्याच्या इतिहासाचा तुकडा आहे.

चला, ताडकळसला!

शहरातला माल आता चाळून चाळून संपत आलाय. फाउंटन काय किंवा अप्पा बळवंत चौक काय, चांगली प्रत दिसली की कुणीतरी तुमच्या आधी उचललेली असते. मग शोधायचं कुठे? उत्तर तुमच्याच गावात आहे. उदाहरणार्थ ताडकळस.

परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. पुण्यात नोकरी करणारी या पट्ट्यातली मुलं पनवेल-नांदेड एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून परभणीला किंवा पूर्णा जंक्शनला उतरतात आणि पुढे गावचा रस्ता धरतात. वाचनाची हवा इथे जुनी आहे. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ पासूनचं. कवी-कथाकार बी. रघुनाथ याच जिल्ह्यातले. शिवाय सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दू वाचणारी घरंही इथे आहेत. म्हणून मराठवाड्यातल्या एखाद्या पेटीत अर्नाळकरांच्या शेजारी इब्ने सफी यांची उर्दू 'जासूसी दुनिया' आणि सुरेंद्र मोहन पाठक यांची हिंदी कादंबरी निघाली तर दचकू नका. असा तीन भाषांचा ठेवा पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर एकत्र मिळणं कठीण.

पण वेळ कमी आहे. कारण आहे घर. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं पाडून तिथे स्लॅबची घरं उभी राहताहेत. त्यात चूक काही नाही, गळणाऱ्या माळवदाखाली कुणी का राहावं? पण घर पाडताना पेटी आधी बाहेर निघते आणि पेटीतलं किलोवर जातं. चुलत्यांना वाटतं, पोराला पुण्यात कशाला हवा हा कचरा? आणि पोराला पुण्यात पत्ताच नसतो! फोन करून 'काका, ती पेटी राहू द्या, मी दिवाळीला येतोय' एवढं सांगायला एक मिनिट लागतं.

पेटी उघडताना

सावकाश उघडा. आत वाळवी किंवा कसर असेल तर ते पुस्तक बाकीच्यांपासून आधी वेगळं करा. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग कायमचा बसतो. लॅमिनेशन तर नकोच. गंजलेल्या स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढा. मुंबईत राहत असाल तर बुरशीला जपा, मराठवाड्यात असाल तर उन्हाला. पुस्तकं कोरड्या, सावलीच्या कपाटात ठेवा.

मग पहिलं पान बघा. कुणाचं नाव आहे? लायब्ररीचा शिक्का आहे? ती लायब्ररी अजून चालू असेल तर पुस्तक परत द्या, भले चाळीस वर्षं उशीर झाला असेल! नाव आत्याचं असेल तर आत्याला विचारा. कॉलेजात असताना हे पुस्तक कुठे लपवलं होतं, कुणी पकडलं, कुणी मार खाल्ला... हे सगळं लिहून ठेवा. प्रत पुन्हा मिळू शकते, आत्याची ती गोष्ट दुसरीकडे कुठे मिळणार?

शेजाऱ्यांची पेटी विकत घेणार असाल तर व्यवहार सरळ ठेवा. शहरात जास्त किंमत येणार हे माहीत असताना किलोच्या भावात उचलणं म्हणजे कलेक्शन नव्हे, ती चलाखी झाली.

आणि स्कॅन करून ग्रुपवर पीडीएफ टाकायचा मोह? थांबा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे अर्नाळकर २०५६ अखेरपर्यंत आणि धारप २०६८ अखेरपर्यंत सुरक्षित. नुसतं वाचायचंच असेल तर पर्याय आहेत. धारपांची बरीच पुस्तकं छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने नव्याने काढली आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक तर बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत.

पण हातात घेतलेल्या जुन्या अंकाची मजा वेगळीच. तो वास, त्या जाहिराती, समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं 'खुनी डॉक्टर आहे, वाचू नकोस'!

डेंकालीच्या जंगलात म्हणे लोक मानतात की वेताळ कधी मरत नाही. चारशे वर्षं तोच आहे. खरं गुपित फक्त वाचकाला माहीत असतं... बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, एवढंच. तुमच्या गावच्या पेटीतला वेताळही असाच टिकणार आहे. नंबर आता तुमचा. तिकीट काढलंत का?