खैरलांजीनंतरची वीस वर्षं : जामिनाची खबर साक्षीदाराला

मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीचं नाव निघालं की २९ सप्टेंबर २००६ ची संध्याकाळ आठवते. पण त्या दिवशी संध्याकाळच्या आधी काय घडलं, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

३ सप्टेंबरला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना बेदम मारहाण झाली होती. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची ओळख पोलिसांना सांगितली. तक्रार कामठीहून आंधळगाव ठाण्यात आली आणि अटक व्हायला महिना सरत आला. २९ तारखेला आरोपींना जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका आणि सुरेखांचे मुलगे रोशन आणि सुधीर अशा चौघांचा खून झाला. कुटुंबातले एकटे सुरेखांचे पती भैयालाल वाचले.

जामीन मिळणं हा दोष नव्हता, हे मी स्पष्टपणे म्हणतो. अटक झालेल्याचे हक्क आपल्याकडे लढून मिळाले आहेत. डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेची लेखी नोंद, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी हे सारं बंधनकारक केलं. ते तसंच राहायला हवं. पण ज्यांच्या सांगण्यावरून अटक झाली, त्या मायलेकींना ‘आज ते सुटताहेत, सावध राहा’ एवढं सांगण्याची जबाबदारी तेव्हाच्या कायद्याने कुणावरच टाकलेली नव्हती. आरोपीच्या घरी खबर द्यायची, साक्षीदाराच्या घरी नाही!

भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्हीकडे लागू झाला नाही. ही जखम जिल्ह्यात अजून ओली आहे.

त्या कायद्यात १५-अ हे कलम आलं ते २६ जानेवारी २०१६ पासून. पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना संरक्षण देणं हे आता सरकारचं कर्तव्य आहे. जामिनासह न्यायालयातल्या प्रत्येक कामकाजाची सूचना मिळणं हा पीडिताचा हक्क आहे आणि जामिनाच्या वेळी त्याचं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे. ही सूचना केवळ उपचार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावलं. पुढच्याच वर्षी लखीमपूर खेरी प्रकरणात, पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घ्यायला हवं, असं न्यायालय म्हणालं. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांच्या घरासाठी हे सगळं फार उशिरा आलं.

साक्षीदार कुठल्याही जातीचा असो, गुन्हा गंभीर असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना त्याच्यासाठी आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा. धोका किती, याचा अहवाल पोलिसांनी द्यायचा आणि त्यावरून बंदोबस्त ठरायचा. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवणंही आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला, हेही त्याला कळवायचं असतं.

अटक झालेल्याची बाजूही पुढे सरकली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेतच द्यायला हवीत. भंडाऱ्यातल्या माणसाला मराठीत कागद मागता येतो.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जण गप्प राहतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही तरतूद १९८७ च्या कायद्यातली आहे. म्हणजे सुरेखाबाईंनाही वकील मागता आला असता. आज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर ही मागणी करता येते. साक्ष दिलेल्या माणसाने पहिल्याच अर्जात लिहावं: आरोपीच्या जामिनाची तारीख मला आधी कळवा. त्या अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.