कट म्हटला की पुरावा नको?

सिल्वासाजवळच्या आमच्या सुरंगीत चहाच्या दुकानात बसले की महाराष्ट्राचे राजकारण निघतेच. आणि तेथे एक विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानी पडताच कपाळाची शीर उठते. "करकऱ्यांना कसाबने मारलेच नाही, तो आतल्यांचा कट होता!" आधार विचारावा, तर उत्तर ठरलेले: "अहो, मंत्रीच म्हणाले होते."

मंत्री म्हणाले होते, हे खरे. केंद्रीय मंत्री अ. र. अंतुले यांनी १७ डिसेंबर २००८ रोजी २६/११ च्या मुंबई हल्ल्यात मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी संशय प्रकट केला; आठवड्याच्या आत गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत त्याचे निराकरण केले आणि अंतुल्यांनीही ते मान्य केले. पण शंकेची आठवण राहिली, निराकरणाची राहिली नाही. आणि मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, काँग्रेसचे विजय वडेट्टीवार यांनी एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकाचा हवाला देऊन तीच शंका पुन्हा उकरून काढली.

वस्तुस्थिती अशी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयानजीक, रंगभवनच्या गल्लीत, करकरे आणि पोलीस अधिकारी अशोक कामटे व विजय साळसकर ज्या गाडीत होते तिच्यावर इस्माईल आणि कसाब या हल्लेखोरांनी गोळीबार केला. त्याच गाडीत मागे जखमी होऊन पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव जिवंत राहिले. हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघाले तेव्हाही ते तीतच होते, आणि पुढे न्यायालयात त्यांनी साक्ष दिली. गोळी इस्माईलची की कसाबची, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गौण आहे, कारण समान हेतूने केलेल्या कृत्याची जबाबदारी दोघांवर सारखीच पडते. या पुराव्याची छाननी विशेष न्यायालयाने २०१० मध्ये, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये केली. आणि ज्या न्यायालयांनी कसाबला दोषी धरले त्यांनीच फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडले. सरकार सांगेल त्यावर डोळे मिटून शिक्का मारणारी न्यायालये असे करतील काय?

करकऱ्यांना मालेगाव स्फोटाच्या तपासावरून धमक्या येत होत्या आणि त्या सायंकाळी त्यांचे आपल्याशी फोनवर बोलणे झाले होते, असे काँग्रेसचे दिग्विजय सिंह यांनी २०१० मध्ये सांगितले. बोलणे झाले असे गृहीत धरले, तरी धमकी देणारा एक आणि गोळी झाडणारा दुसरा असू शकतो, एवढा विवेक आपण बाळगू नये काय?

याची दुसरी बाजूही तितकीच वैतागवाणी आहे. ज्या मालेगाव स्फोटाचा तपास करकरे करीत होते त्यात सहा जणांचा बळी गेला होता. पण ते हयात असतानाच त्या तपासाला 'हिंदूंविरुद्धचे षड्यंत्र' ठरवण्यात आले, आणि एप्रिल २०१९ मध्ये त्या खटल्यातील आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांनी तर करकरे आपल्या शापाने मेल्याचे सांगितले (ते विधान त्यांना लगेच मागे घ्यावे लागले). ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. परंतु पुरावा अपुरा पडणे आणि तपास हाच कट असणे, या भिन्न गोष्टी आहेत. एकाच अधिकाऱ्याचा तपासही कट आणि मृत्यूही कट. पक्ष तेवढे बदलले, युक्ती तीच.

सर्वांत अधिक चीड येते ती याची की या गदारोळात खरा प्रश्न बुडाला. तो विचारला कविता करकरे आणि विनिता कामटे या दोघा अधिकाऱ्यांच्या पत्नींनी: बुलेटप्रूफ जाकिटाचे काय झाले, मदत वेळेवर का पोहोचली नाही? कामटेबाईंनी माहितीच्या अधिकारात बिनतारी संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीनेही पोलीस व्यवस्थेतील त्रुटी नोंदवल्या. त्रुटीचा जाब एखाद्या नावानिशी अधिकाऱ्याला विचारता येतो. कट मात्र अदृश्य असतो, त्याला जाब कोण विचारणार?

अशाच आणखी किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावू.

"चौकशीचा अहवाल विरोधात गेला, म्हणजे आयोगच पक्षपाती." मुंबई दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने 'हिंदूविरोधी' म्हणून झिडकारला, विशेषण लावल्याने एकही साक्ष खोटी ठरली नाही.

"आयोग शिक्षा करतो." करत नाही, १९५२ च्या कायद्यानुसार तो केवळ चौकशी आणि शिफारस करतो.

"कट कधी नसतातच." असतात. २६/११ हाच एक कट होता. हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातील दूरध्वनी संभाषणांनी आणि कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीच्या कबुलीने तो उघड झाला.

निकाल पुराव्यावर लागतो, हे आमच्या मुलखाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात हिंदुस्थानवर फिर्याद केली. तेथे १९६० मध्ये निवाडा देताना न्यायाधीशांनी १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह आणि त्यामागून आलेल्या सनदा तपासल्या, आणि 'सरंजाम' म्हणजे महसुलाचा हक्क, राज्याचा नव्हे, असा निष्कर्ष काढला. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शब्दाचा अर्थ ज्या मुलखासाठी इतक्या निगुतीने लावला गेला, तेथल्या चहाच्या दुकानात "मंत्री म्हणाले" एवढ्यावर भागू नये.