उथळ पाणी, बुटकी होडी
गोड्या पाण्याच्या वाटा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण धरणांच्या विस्तीर्ण जलाशयांवर इंजिनाच्या होडीतून चालणारी बासची मासेमारी पाहिली. या आठवड्यात अगदी उलट टोकाला जाऊ. उन्हाळ्यात कोमट होणारा अरुंद ओढा, त्यावर एकट्या माणसाची कायाक, आणि गळाला लागणारे बास व त्यांचे धाकटे भाऊबंद सनफिश. उदाहरणासाठी टेक्सासमधला हिल कंट्री हा मुलूख घेऊ. आज अनेक मराठी कुटुंबं राहतात त्या ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला एडवर्ड्सचं चुनखडीचं पठार पसरलं आहे. त्याच्या कपारींतून फुटणाऱ्या झऱ्यांवर लॅनो, साउथ लॅनो, ग्वादालूप या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे वाहतात. मोठी होडी परवडत नाही म्हणून लोक इथे कायाक घेतात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. या पाण्याला आणि या माशांना मानवणारी होडी तीच आहे. मात्र ती माणसाला माशाच्या जितकं जवळ नेते, तितकीच संयमाची जबाबदारीही त्याच्यावर टाकते. हा दुसरा भाग विसरला, तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही.

आधी पाण्याची घडण पाहू. असा ओढा सलग खोल नसतो. घोट्याएवढ्या पाण्याचा खळाळ, त्याखाली संथ होत जाणारी धार, मग डोह, आणि पुन्हा खळाळ, अशी त्याची साखळी असते. ग्वादालूप बास हा मासा निसर्गतः फक्त टेक्सासमध्ये सापडतो, आणि १९८९ पासून तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. त्याचा मोठा चुलता लार्जमाउथ बास संथ पाण्यात, बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहतो. ग्वादालूप बासला मात्र वाहतं पाणी लागतं. खळाळ जिथे डोहात उतरतो तिथल्या दगडामागे, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमारेषेवर तो थांबतो. प्रवाहाशी झगडण्यात शक्ती वाया जात नाही आणि वाहत येणारे किडे, छोटे मासे, क्रेफिश आयतेच समोर येतात. दीड किलोचा ग्वादालूप बास म्हणजे फार मोठा. सनफिश तर तळहाताएवढे. असा मासा वीतभर पाण्यात आणि हातभर रुंदीच्या फटीत उभा असतो, तेव्हा त्याच्याजवळ नेणारी होडीही वीतभर पाण्यावर तरंगणारी हवी. कायाक तशी तरंगते. जिथे पाणी अगदीच पातळ होतं, तिथे तिच्यातून उतरून ती ओढत नेता येते.

दुसरं कारण माशाच्या इंद्रियांत आहे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याबाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, जणू गोल झरोक्यातून दिसतं. पृष्ठभागालगतच्या वस्तू या झरोक्याच्या कडेला दबून जातात, आणि तिरप्या कोनातून येणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग पाण्यावरूनच परावर्तित होतो. दहा मीटरवर उभा असलेला माणूस पृष्ठभागापासून सुमारे अकरा अंशांवर असतो, तर कायाकमध्ये बसलेल्याचं डोकं जेमतेम पाच अंशांवर. बसलेला माणूस माशाला सहजी दिसत नाही. आवाजाचं गणितही असंच आहे. हवेतल्या आवाजाचा अगदी नगण्य अंश पाण्यात शिरतो, म्हणून हळू बोलल्याने फारसं बिघडत नाही. पण वल्हं होडीच्या कडेवर आपटलं, की तो आवाज थेट पाण्यात जातो आणि सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर वेगाने सगळ्या डोहात पसरतो. त्यामुळे जाणते लोक डोहाच्या वरच्या अंगालाच वल्हवणं थांबवतात, वल्हं मांडीवर आडवं ठेवतात आणि प्रवाहाबरोबर सरकत सरकत आमिष टाकतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एवढ्याशा ओढ्याला होडी कशाला? काठावरून किंवा पाण्यात चालत गरवता येत नाही का? येतं, आणि खळाळात तेच उत्तम. तिथे कायाक काठाला लावून उतरावं. पण टेक्सासमधली बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. १८३७ पासूनच्या तिथल्या कायद्याने, मुखापासून वर सरासरी तीस फूट रुंदी राखणारा प्रवाह नौकानयनक्षम मानला जातो. अशा प्रवाहाचं पात्र सर्वसाधारणपणे सार्वजनिक असतं, काठ मात्र मालकाचा. पुलापाशी पाण्यात शिरलेल्या माणसाला पुढचा खोल डोह ओलांडायचा तर त्याला तरंगावंच लागतं. त्यामुळे कायाक आणि पायी चालणं एकमेकांना पूरक आहेत. एक काळजी मात्र सोडू नये. वाहत्या पाण्यात होडीच्या बाजूला नांगर बांधला, तर प्रवाह ती आडवी करून उलटवतो. लाइफ जॅकेट अंगावर असावं, होडीत गुंडाळून ठेवलेलं नको. हा भाग अचानक येणाऱ्या पुरांचा आहे. ४ जुलै २०२५ रोजी ग्वादालूपच्या पुराने एकट्या केर काउंटीत शंभराहून अधिक बळी घेतले. वरच्या भागातल्या पावसाची खबर घेतल्याशिवाय अशा पाण्यात उतरू नये.

दुसरा आक्षेप असा, की हे कोमट पाण्याचे मासे. ट्राउटसारखे नाजूक नाहीत, पकडून सोडले तर त्यांना काय होतंय! ते ट्राउटपेक्षा काटक आहेत हे खरं. पण २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेने माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज झपाट्याने वाढते. आवक घटलेली आणि खर्च वाढलेला, अशा वेळी लांबलेली झुंज आणि वर हवेत धरून काढलेला फोटो माशाला फार महाग पडतो. इथे कायाकचा खरा उपयोग दिसतो. बसणारा पाण्याच्या इतका जवळ असतो, की मासा बाहेर न काढताही गळ सोडवता येतो. गळाच्या टोकामागची उलटी आकडी आधीच पक्कडीने दाबून टाकावी, हात ओले करावेत, माशाला पाण्यातच धरून गळ काढावा आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवावं. उन्हाळ्यात पहाट गाठावी, दुपारी डोहांना विसावा द्यावा.

तिसरा आक्षेप सनफिशबद्दल. तव्यात अख्खे मावणारे हे मासे म्हणजे पोरांचा खेळ, त्यांचा कसला हिशोब ठेवायचा? टेक्सासच्या राज्यव्यापी नियमांतही सनफिशला संख्येची किंवा लांबीची मर्यादा नाही. पण ब्लूगिल या सनफिशचं जीवन पाहिलं तर हा निष्काळजीपणा टिकत नाही. वाळूत शेपटीने थाळीएवढं घरटं करून अंड्यांची राखण करतो तो मोठा नर. कॅनडातल्या ओपिनिकॉन तलावात मार्ट ग्रॉस यांनी केलेल्या अभ्यासात असे राखणदार नर सुमारे सात वर्षांनी प्रजननक्षम होतात असं दिसलं. दुसऱ्याच्या घरट्यात चोरून घुसणारे छोटे नर दोनच वर्षांत होतात. थंड तलावातले हे आकडे टेक्सासच्या ओढ्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण रीत तीच आहे. घरट्यांवरचे सगळ्यांत मोठे नर वेचून नेले, तर राखणदारच जातात. बासचंही तसंच. नराला घरट्यावरून उचललं, की काही मिनिटांत इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. खायला मासे न्यावेत, त्यात गैर काही नाही. मध्यम आकाराचे न्यावेत आणि घरट्यांवरचे सोडावेत.

उरतो सगळ्यांत वजनदार आक्षेप. आजवर अवघड वाटेमुळे सुरक्षित राहिलेले डोह कायाकमुळेच माणसाच्या हाताला लागतात. हे मान्यच करायला हवं. माणसाच्या हौसेने या नद्यांचं नुकसान आधीही केलं आहे. १९७० च्या दशकात गरवणाऱ्यांच्या सोयीसाठी इथे बाहेरचा स्मॉलमाउथ बास सोडण्यात आला. त्याचा ग्वादालूप बासशी संकर झाला आणि स्थानिक माशाची जातच विरत चालली. मग जॉन्सन क्रीक या ओढ्यात आणि पुढे साउथ लॅनोमध्ये शुद्ध जातीची पिल्लं सोडून ती सावरण्याचं काम वर्षानुवर्षं करावं लागलं. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही. तिथे श्रद्धेने डोह राखला आहे. टेक्सासच्या ओढ्यावर तशी श्रद्धा नाही आणि कायदाही सगळं सांगत नाही. त्यामुळे राखण त्या होडीत बसलेल्या माणसालाच करावी लागते. एका डोहातून दोन-तीन मासे पकडले की पुढे सरकावं, घरटी दिसली की वळसा घालावा, ज्या टापूत पोचायला होडी फार ओढावी लागते तिथे काहीही ठेवून घेऊ नये. हे नियम पाळणाऱ्याच्या हातातच कायाक हे योग्य साधन ठरतं. पुढच्या लेखांकात आमिषांकडे वळू. जिवंत किडा, कृत्रिम माशी आणि रबरी क्रेफिश यांतलं काय केव्हा वापरावं, आणि त्यातलं कोणतं माशाला कमी इजा करतं, ते पाहू.