मॅनहॅटनला उशिरा पोहोचलेला जेसन

'फ्रायडे द थर्टीन्थ' या अमेरिकी भयपटमालिकेचा आठवा भाग २८ जुलै १९८९ रोजी प्रदर्शित झाला. 'जेसन टेक्स मॅनहॅटन' हे त्याचं उपशीर्षक. क्रिस्टल लेक या तळ्याकाठच्या जंगलात वावरणारा मुखवटाधारी खुनी जेसन आता थेट न्यू यॉर्कमध्ये उतरणार, अशी ही घोषणा होती. चित्रपटाने अमेरिकेत सुमारे १ कोटी ४३ लाख डॉलर कमावले. तोवरच्या आठ भागांतली ही सर्वांत कमी कमाई. समीक्षकांनी या मालिकेला कधीच डोक्यावर घेतलं नव्हतं, पण या वेळी तिचे हक्काचे प्रेक्षकही नाराज होऊन बाहेर पडले. त्यांची तक्रार साधी होती. शंभर मिनिटांच्या चित्रपटात मॅनहॅटन यायला तासभर लागतो.

हा चित्रपट ज्या प्रकारात मोडतो त्याला 'स्लॅशर' म्हणतात. एक खुनी, बहुधा चेहरा झाकलेला. तरुण मुलामुलींचा एक गट. मदत सहज पोहोचणार नाही अशी जागा. धारदार हत्याराने एकामागून एक होणारे खून आणि शेवटी एकटी उरलेली, खुन्याला तोंड देणारी मुलगी. एवढ्या सामग्रीवर हा प्रकार उभा आहे. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) त्याची बीजं सापडतात, कॅनडातल्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये (१९७४) त्याला आकार येऊ लागतो आणि जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ने (१९७८) त्याचा साचा पक्का केला. या साच्याला ना मोठे नट लागतात, ना भव्य सेट. शॉन कनिंगहॅम यांनी १९८०मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' केला तो साधारण साडेपाच लाख डॉलरमध्ये. पॅरामाउंटने तो अमेरिकेत वितरित केला आणि तिथल्या तिकीटबारीवर जवळजवळ चार कोटी जमले. अशा हिशेबानंतर दुसरा भाग न निघता तरच नवल.

पहिल्या भागातला खुनी जेसन नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. क्रिस्टल लेकवरच्या उन्हाळी शिबिरात देखरेख करणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे जेसन नावाचा मुलगा बुडाला, असं मानून त्याची आई सूड घेते, अशी ती कथा. दुसऱ्या भागापासून (१९८१) जेसन स्वतःच शस्त्र हातात घेतो. हॉकीच्या गोलकीपरचा पांढरा मुखवटा त्याला मिळतो तिसऱ्या भागात. चौथ्याचं नावच 'अखेरचा अध्याय' होतं आणि त्यात जेसन मारलाही गेला, पण गल्ला चांगला जमला. मग पाचव्यात दुसराच कुणीतरी तो मुखवटा चढवून आला, सहाव्यात विजेच्या लोळाने जेसनचं प्रेत जिवंत झालं, तर सातव्यात केवळ मनाच्या शक्तीने वस्तू हलवणारी मुलगी त्याच्यासमोर उभी केली गेली. प्रत्येक भागात काहीतरी नवं जोडायची धडपड दिसते, आणि तिचं कारण आकड्यांत आहे. तिसऱ्या भागाची अमेरिकेतली कमाई सुमारे ३ कोटी ६७ लाख डॉलर होती. सहाव्या आणि सातव्याची प्रत्येकी दोन कोटींच्याही आत आली.

आठव्या भागाचं लेखन-दिग्दर्शन रॉब हेडन यांच्याकडे आलं. जेसनला तळ्यावरून हलवायचं, ही त्यांची कल्पना, आणि ती चांगली होती. ब्रुकलिन ब्रिज, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली मुष्टियुद्धाची लढत, ब्रॉडवेचं नाटक, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अशा ठिकाणी प्रसंग घडवायचा त्यांचा बेत होता. पण पॅरामाउंटने या मालिकेकडे नेहमी कमी खर्चात हमखास नफा देणारा माल म्हणून पाहिलं होतं. आठव्या भागाला सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. मालिकेच्या मानाने रक्कम मोठी होती, पण न्यू यॉर्कमध्ये आठवडेच्या आठवडे चित्रीकरण करायला ती अपुरी होती. एकेक प्रसंग गळत गेला, न्यू यॉर्ककडे जाणाऱ्या बोटीवरचा भाग वाढत गेला आणि बहुतेक चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात उरकलं. पडद्यावर न्यू यॉर्कच्या म्हणून दिसणाऱ्या अनेक गल्ल्या तिथल्याच आहेत. खरा टाइम्स स्क्वेअर दिसतो तो काही मिनिटांपुरता.

जाहिरातीत मात्र निव्वळ शहर होतं. पहिल्या झलकेत रात्रीच्या मॅनहॅटनच्या दिव्यांकडे पाहत एक माणूस पाठमोरा उभा असतो. तो वळतो आणि हॉकीचा मुखवटा दिसतो. एका पोस्टरवर तर 'आय लव्ह न्यू यॉर्क' हे बदामाचं प्रसिद्ध चिन्ह चाकूने फाडून जेसन बाहेर येताना दाखवला होता. शहराच्या पर्यटन यंत्रणेने हरकत घेतली आणि पॅरामाउंटला ते बदलावं लागलं. या पोस्टरची गोष्ट आजही भयपटांच्या चाहत्यांत आवडीने सांगितली जाते, आणि त्यातच चित्रपटाची अडचण उघड होते. त्याचं जे उत्तम होतं ते पोस्टरवर आणि झलकेत संपलं होतं.

प्रत्यक्षात कथा सुरू होते ती बोटीवर. तळ्याच्या तळाशी साखळीत अडकलेला जेसन नांगराने फाटलेल्या वीजवाहिनीच्या धक्क्याने जागा होतो आणि शाळेचं शिक्षण संपवून न्यू यॉर्कच्या सहलीला निघालेल्या मुलांच्या 'लाझरस' नावाच्या जहाजावर चढतो. तळ्यातून समुद्रात कसं जाता येतं, याचा खुलासा कुठेच नाही. बोटीवर बंद खोल्या, अरुंद मार्गिका, इंजिनघर सगळं आहे, पण खून एकाच ठेक्यात होत राहतात आणि पात्रं नावापुरती येतात-जातात. नायिका रेनीला पाण्याची भीती आहे, तिला लहानग्या जेसनचे भास होतात. हा धागा चित्रपटाला उचलून धरू शकला असता. त्याचा शेवट मात्र असा की शहराच्या गटारांत मध्यरात्री सोडलेल्या विषारी सांडपाण्यात जेसन वितळतो आणि मागे लहान मुलाचा देह उरतो. असं का घडलं, हे चित्रपटातून शेवटपर्यंत उलगडत नाही.

तरीही या चित्रपटात दोन जागा अशा आहेत की ज्यांसाठी तो पाहावा. एक गच्चीवरची. मुष्टियोद्धा ज्युलियस जेसनला गाठतो आणि ठोसे लगावू लागतो. जेसन हात उचलत नाही, फक्त मागे सरकत राहतो. ठोशांवर ठोसे बसतात, ज्युलियसच्या मुठी सोलवटतात, दम संपतो. अखेर तो जेसनला म्हणतो, आता तू मार. जेसन एकच ठोसा मारतो आणि ज्युलियसचं मुंडकं उडून खाली कचऱ्याच्या पेटीत पडतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या लढतीचा जो बेत रद्द झाला, त्याचीच आठवण या प्रसंगातून होते. दुसरी जागा टाइम्स स्क्वेअरमधली. टोळक्याचा मोठा टेपरेकॉर्डर जेसन लाथेने उडवतो, पोरं अंगावर धावून येतात, आणि तो कुणालाही न मारता, कॅमेऱ्याकडे पाठ असताना, मुखवटा किंचित वर करतो. पोरं पळत सुटतात. चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. केन हॉडर या स्टंटमनने केवळ खांद्यांच्या आणि मानेच्या हालचालींतून जेसनला जो भारदस्तपणा दिला, तो इथे स्पष्ट दिसतो.

अपयशाचा दोष पैशाच्या टंचाईवर टाकला जातो, आणि तो निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा जागेशी निगडित आहे. तळं, झाडी, अंधार आणि हाकेच्या अंतरावर कुणीही नसणं, यांतून जेसनची भीती तयार झाली होती. शहरात आणल्यावर ती भीती उलट्या बाजूने उभी करायला हवी होती: भोवती लाखो माणसं आहेत आणि तरी मदतीला कुणी नाही. एका खाणावळीत रेनी खुनी मागे लागल्याचं सांगते, तेव्हा तिथली वाढपीण न्यू यॉर्कमध्ये हे रोजचंच असल्यासारखं उत्तर देते. कल्पना चित्रपटाला सुचली होती, पण एका वाक्यावर ती सोडून दिली गेली. भुयारी रेल्वेतला पाठलागही असाच घाईने आटोपतो.

स्लॅशरचा बाजारही तेव्हा उतरणीला लागला होता. त्याच वर्षी 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' आणि 'हॅलोविन' या दोन्ही मालिकांच्या पाचव्या भागांनी आपापल्या मालिकेतला तोवरचा नीचांक गाठला. जेसनचे हक्क पुढे न्यू लाइन सिनेमाकडे गेले आणि नववा भाग यायला १९९३ उजाडलं.

खुन्याला शहरात आणण्याचा हाच डाव नीट खेळता येतो, हे खुद्द पॅरामाउंटने २०२३मध्ये दाखवलं. 'स्क्रीम ६'मध्ये घोस्टफेस हा मुखवटाधारी खुनी न्यू यॉर्कला जातो, आणि तोही चित्रपट प्रामुख्याने कॅनडातच, माँट्रियलमध्ये, चित्रित झाला. पण त्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खून होतात, समोरासमोरच्या इमारतींच्या खिडक्यांमध्ये शिडी टाकून जीव वाचवावा लागतो, आणि हॅलोविन सणाच्या रात्री भुयारी रेल्वेच्या डब्यात इतके मुखवटे असतात की खरा खुनी कोण ते कळत नाही. या प्रसंगांना शहरच लागतं, ते तळ्याकाठी घडू शकत नाहीत. चित्रपटाने जगभरात १६ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.