जुन्या कपाटाची साल

तुमच्या घरी एखादे जुने लाकडी कपाट असेल, तर त्याच्या दाराची कड जवळून पाहा. वरचे लाकूड काळसर, सुरेख रेषांचे आणि आतले मात्र फिकट, साधे असे दिसले, तर ते शिसव म्हणजे नुसता एक पातळ पापुद्रा आहे असे समजा. या पापुद्र्याला व्हिनिअर म्हणतात. भारी लाकडाचा काप साध्या लाकडावर चिकटवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये थीब्ज येथे रेखमिरे या वजिराचे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे थडगे आहे. त्यातील भिंतिचित्रात सुतार व्हिनिअर बसवताना दिसतात आणि जवळच विस्तवावर सरसाचे भांडे आहे.

कपाट जुने झाले, दमट हवेचे अनेक पावसाळे त्याने पाहिले, की व्हिनिअर जागोजागी फुगते. मग कोणीतरी पटाशी घेऊन ते उचकटू लागतो. सरस सुटत नाही. लाकूडच चिरफाळून निघते. सरसाचा सांधा चांगला असला, तर रेषांच्या आडव्या दिशेने लाकूड त्या सांध्यापेक्षाही दुबळे असते. म्हणून येथे जोर कामाचा नाही. सरस मऊ कसा करावा, हे कळले पाहिजे.

सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. त्यात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याच्या तीन तीन साखळ्या दोरीसारख्या एकमेकींत पिळलेल्या असतात. गरम पाण्यात हा पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होते. निवताना साखळ्या पुन्हा ठिकठिकाणी पीळ घेतात, त्यांचे जाळे बनते, आणि पाणी उडून गेले की ते दगडासारखे कठीण होते. गंमत अशी, की ही क्रिया उलटवता येते. परातीला वाळून घट्ट बसलेली कणीक आपण खरवडत बसत नाही, पाण्यात भिजत ठेवतो. सरसाला पाण्याबरोबर उष्णताही लागते. ओला सरस चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊ लागतो. कोरडा सरस मात्र नुसत्या उष्णतेने मऊ करायला गेलात, तर आधी लाकूडच करपायचे!

म्हणूनच जाणकार कारागीर व्हिनिअरवर ओले फडके पसरतात आणि त्यावरून गरम इस्त्री फिरवतात. यात भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. इस्त्रीचा तळ दोनशे अंशांपर्यंत तापला, तरी फडक्यात पाणी आहे तोवर खालच्या लाकडाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ती वाफ लाकडात शिरून थंड भागावर पुन्हा पाणी होते, तेव्हा दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. एक ग्रॅम उकळते पाणी चाळीस अंशांपर्यंत निवताना फक्त ६० कॅलरी देते. म्हणजे वाफ नऊपट दानशूर! (वाफेने हात इतका वाईट भाजतो तोही याच कारणाने. हे काम मोठ्यांच्या सोबतीनेच करा.)

पाणी आत झिरपायला किती वेळ लागेल? ढोबळ मानाने हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हल्ली पात्याने काढलेले व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. करवतीने कापलेले जुने व्हिनिअर दोन मिलिमीटर भरले, तर जाडी चौपट आणि वेळ सोळापट. शिवाय वर चपडा लाखेचे पॉलिश असेल, तर ते आधी स्पिरिटने पुसून काढावे लागते, नाहीतर वाफेला वाटच मिळत नाही. धीर धरला की कडेखाली बोथट, पातळ पाते सहज सरकते. ते रेषांच्या दिशेने पुढे न्यावे.

पण हे सारे सरसाबद्दल झाले. यूरिया-फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेले व्हिनिअर वाफेला दाद देत नाही. त्याचे रेणू एकदा एकमेकांना पक्के जोडले गेले, की उकडलेल्या अंड्याप्रमाणे ते पुन्हा पातळ होत नाहीत. तेथे रंधा मारणे किंवा घासणे एवढेच उरते. पांढरा कृत्रिम डिंक या दोहोंच्या मधला. तो उष्णतेने मऊ पडतो. तेव्हा प्रथम सुटलेल्या कडेखालचा एक कण चमच्यातल्या गरम पाण्यात टाकून पाहा. तो फुगून बोटांना चिकट लागला तर सरस. पांढरट, रबरासारखा झाला तर बहुधा कृत्रिम डिंक. आणि तसाच कडक राहिला तर इस्त्री बाजूला ठेवा.

माझ्या मते, फुगे दोनचारच असतील तर व्हिनिअर काढूच नये. तसे शिसव पुन्हा मिळणे कठीण, आणि मिळाले तरी महाग. फुग्यावर रेषांच्या दिशेने धारदार पात्याने एक चीर द्यावी, आत थोडा पातळ गरम सरस सोडावा, कागद ठेवून कोमट इस्त्रीने दाबावे आणि रात्रभर वर वजन ठेवावे.

पूर्ण व्हिनिअर काढलेच, तर सुकवताना घाई नको. लाकूड भिजले की रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र चांगलेच फुगते. फळीची एकच बाजू ओली झाली, तर ती द्रोणासारखी वाकते. म्हणून दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी ती सावलीत उभी करावी. काढलेले व्हिनिअर कागदात घालून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवावे आणि कागद रोज बदलावा. उन्हात टाकलेत, तर संध्याकाळपर्यंत त्याची सुरळी झालेली दिसेल.